परमुलखातील सलूनच्या खुर्चीत बसण्यापूर्वी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील ज्या मुलांची पलटण संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जाणार असते, ती मुले निघण्यापूर्वी माझ्याकडे येऊन थंडी, भत्ता, सुटी आणि फोनचे सिमकार्ड यांविषयी विचारतात. केस कोठे आणि कसे कापून घ्यावेत, हे मात्र आजवर एकानेही विचारलेले नाही. मीही जाताना कोणाला विचारले नव्हते. त्याचा परिणाम असा झाला की, दक्षिण लेबनॉनमध्ये पोहोचून चार महिने होतात न होतात तोच मी एका सायंकाळी डोक्यावर केस नाही आणि ओठावर मिशी नाही अशा अवस्थेत घरी व्हिडिओ कॉल लावला आणि कोरेगाव तालुक्यातील आमच्या घरात रडारड सुरू झाली. डोके आणि मिशी एकदम उतरवलेला मुलगा आपल्याकडे कोणत्या प्रसंगी दिसतो, हे सांगायला नको. आई "कुणाचं काय झालं रं?" एवढेच पुन्हा पुन्हा विचारत होती. शेवटी वडिलांनी फोन हातात घेतला, माझ्याकडे नीट निरखून पाहिले आणि म्हणाले, "आरं, मी जित्ता हाय की अजून!"

त्या कारागिराचा यात काडीचाही दोष नव्हता. त्याने मला दोन प्रश्न विचारले होते आणि दोन्हींना मी मान हलवून होकार दिला होता. पहिल्या वेळी त्याने हातातील मशीन दाखवून "सिफर?" असे विचारले. सिफर म्हणजे शून्य, हे हिंदुस्थानी कानाला ठाऊक असल्यामुळे मी मनातल्या मनात खूश झालो आणि कानांच्या वरची बाजू शून्यावर घेण्याविषयी तो विचारत आहे, अशा समजुतीने मान हलवली. पहिलाच पट्टा कपाळापासून मधोमध मागे गेल्यावर त्याला थांबवण्यात अर्थ उरला नव्हता. दुसऱ्या वेळी त्याने मिशीला बोट लावून "शवारिब?" म्हटले. मिशीची तारीफ चालली आहे असे मला वाटले आणि मी अभिमानाने पुन्हा मान हलवली.

त्यानंतर अनेक दिवस विचार करून मी जे शिकलो, ते एका वाक्यात सांगता येते: परक्या मुलखातील सलूनमध्ये जे बोलायचे, ते खुर्चीत बसण्यापूर्वीच बोलून संपवावे. एकदा कापड गळ्याभोवती बांधले गेले की हात झाकले जातात, वस्तरा ओठाजवळ आला की तोंड उघडता येत नाही, आणि ज्या मानेने आपण हो-नाही सांगणार, तीच मान कारागिराच्या हातात असते. शिवाय त्या मानेची भाषा मुलखागणिक बदलते. आपण "बरं, चालू द्या" अशा अर्थाने मान डावी-उजवीकडे डोलावतो, ती लेबनॉनमधल्या माणसाला होकार वाटत नाही. उलट ते लोक नकार देताना हनुवटी किंचित वर उचलतात, भुवया उंचावतात आणि जिभेने "च्" असा आवाज काढतात. साताऱ्यात असा आवाज काढला तर समोरचा समजतो की आपल्याला त्याची कीव आली आहे.

बाहेर जाणे खरोखर आवश्यक आहे का?

पायदळाच्या प्रत्येक पलटणीबरोबर तिचे ट्रेड्समन, म्हणजे स्वयंपाक, धुलाई यांसारखी कामे करणारे जवान, जातात आणि त्यांत बार्बरही असतो. त्याला आपल्या पलटणीचा कट माहीत असतो, तो आपली भाषा बोलतो आणि चूक झालीच तर दुसऱ्या दिवशी लंगरमध्ये समोरच भेटतो. म्हणून बटालियनच्या मुख्य तळावर असताना बाहेरचे सलून शोधण्याचे कारणच नाही. अडचण येते ती दूरच्या चौकीवर दोन-दोन महिने राहणाऱ्यांची, मुख्यालयात स्टाफवर गेलेल्यांची आणि लष्करी निरीक्षक म्हणून परदेशी अधिकाऱ्यांबरोबर राहणाऱ्यांची. बार्बर सुटीवर गेला की उरलेल्यांवरही ती वेळ येते. काही जण अशा वेळी आपसातच मशीन फिरवतात. परेड नसेल तर तो मार्ग वाईट नाही, आणि मी तर म्हणेन की दर तुकडीने एक बॅटरीवर चालणारे मशीन बरोबर न्यावेच.

बाहेर जायचे ठरले तर तुकडीच्या आदेशांत जे लिहिले असेल तेच पाळावे. कोणता बाजार खुला आहे, कोणत्या गल्लीत जाण्यास बंदी आहे, गणवेश कोणता आणि किती जणांनी एकत्र जायचे, हे दर ठिकाणी आणि दर आठवड्याला बदलू शकते. माझ्याकडून एवढीच भर की, ज्याच्याबरोबर बाहेर पडलो त्या बडीने त्याच वेळी शेजारच्या खुर्चीत बसू नये. एकाचे हात कापडाखाली असताना दुसऱ्याने दाराकडे तोंड करून बसावे. शस्त्र बरोबर असेल तर ते त्याच्याच ताब्यात राहावे. भिंतीला टेकवून किंवा आरशाखालच्या फळीवर ठेवून केस कापून घेणे म्हणजे शिक्षेला आमंत्रण आहे.

तयारी

फोनमध्ये आपले स्वतःचे तीन फोटो ठेवावेत: समोरून, बाजूने आणि मागून, ताजा कट केल्यानंतर काढलेले आणि साध्या कपड्यांतले. गणवेशातला फोटो दाखवू नये, कारण त्यावर नाव, पलटणीचे चिन्ह आणि हुद्दा असतो. फोटोने जे काम होते, ते शंभर शब्दांनी होत नाही. त्याखालोखाल उपयोगी पडतात ते आकडे. मशीनच्या कंगव्यांचे क्रमांक जगभर साधारण सारखेच चालतात: एक नंबर म्हणजे 3 मिलिमीटर, दोन म्हणजे 6, तीन म्हणजे 10 आणि चार म्हणजे 13 मिलिमीटरच्या आसपास. बाजूला एक आणि वर चार, असे बोटांनी दाखवले आणि कोणता आकडा डोक्याच्या कोणत्या भागासाठी आहे ते स्वतःच्या हाताने डोक्यावर दाखवले, तर माझ्यासारखी गत होत नाही. कारागिराने कंगवा मशीनवर चढवला की तो डोळ्यांनी पाहावा. बिनकंगव्याचे मशीन कपाळाच्या दिशेने येताना दिसले तर संकोच न करता हात बाहेर काढावा.

शब्द थोडेच पाठ करावेत, पण पक्के करावेत. लेबनॉनमध्ये भारतीय बटालियन 1998 पासून आहे, त्यामुळे आपल्या मुलांना अरबी शब्दांची गरज पडते: "ला" म्हणजे नाही, "शवय्" म्हणजे थोडेसे, "शवारिब" म्हणजे मिशी, "शफ्रा जदीदे" म्हणजे नवे पाते आणि "सिफर" म्हणजे काय ते मी वर सांगितलेच आहे. "शवारिब, ला" एवढे दोन शब्द दारातच म्हणून टाकले तर मिशी वाचते. काँगोच्या पूर्व भागात, गोमाच्या बाजूला, स्वाहिली चालते. तेथे थोडे म्हणजे "किडोगो" आणि नाही म्हणजे "हापाना". तेथील कारागिरांचा हात दाट कुरळ्या केसांवर मशीन चालवण्यात तरबेज असतो, सरळ केसांवर कात्री चालवण्याचा प्रसंग त्यांना क्वचित येतो, म्हणून त्यांच्याकडे मशीनचाच कट मागावा. आणि एक शब्द तिन्हीकडे चालतो, तो म्हणजे आपला "बस". अरबी बोलीत तो "बस"च आहे, स्वाहिलीत "बासी" होतो, अर्थ पुरे हाच राहतो. गडबड होते आहे असे वाटले की तो मोठ्याने उच्चारावा.

पात्यांचे एक पाकीट शर्टाच्या खिशात असावे. आपल्याकडे कारागीर दुधारी पात्याचे दोन तुकडे करून अर्धे वस्तऱ्यात बसवतो आणि ते तुमच्यासमोर मोडतो. तेथेही चांगला कारागीर हेच करतो, पण तो करेलच असे गृहीत धरू नये. कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर निदान 7 दिवस जिवंत राहू शकतो आणि वस्तऱ्यावरचे न दिसणारे रक्तही त्याला पुरते. त्या कावीळीवर लस आहे, तिचे नेहमीचे तीन डोस पहिला, एका महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा असे असतात, त्यामुळे मिशनची यादी लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा आपल्या नोंदी आधीच तपासून घ्याव्यात. कावीळ क वर मात्र लस नाही. दाढीनंतर फिरवला जाणारा तुरटीचा खडाही सर्वांच्या गालांवरून गेलेला असतो, म्हणून तो नाकारावा. गावी आपण तो आनंदाने फिरवून घेतो, ही गोष्ट वेगळी आणि तीही काही शहाणपणाची नाही. माझे मत विचाराल तर परदेशातील सलूनमध्ये वस्तरा लावूनच घेऊ नये, दाढी तळावर स्वतः करावी.

खुर्चीत बसल्यानंतर

बसण्यापूर्वी एक खूण ठरवून घ्यावी: कापडाखालून उघडा पंजा बाहेर आला की थांबायचे. ही खूण आधी करून दाखवावी, दोघांनी हसावे आणि मग बसावे. मानेने कोणतेही उत्तर देऊ नये, आणि डोळे मिटू नयेत. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या सलूनमध्ये "काय मेजर, कधी आलासा?" असे विचारत कारागीर डोक्यावर पाण्याचा फवारा मारतो तेव्हा डोळे आपोआप मिटतात आणि ती सुखाची झोप खरोखर सुटीची सुरुवात असते, ती सवय परमुलखात कामाची नाही.

पूर्ण कट झाला की लेबनॉनमधले कारागीर पुढची कामे न विचारता सुरू करतात, कारण ती त्यांच्या सेवेचा भागच असतात. गालांवरची लव दोऱ्याने काढणे हे त्यांतले मुख्य. आपल्याकडे हा प्रकार बायकांच्या पार्लरमध्ये चालतो, त्यामुळे कारागिराने दोऱ्याचे टोक दातात धरून चेहऱ्याकडे वाकल्याबरोबर तासगावचा माझा बडी खुर्चीतून अर्धा उठला, आणि दोरा गालाला लागताच त्याने जी हाक फोडली ती ऐकून समोरचा भाजीवाला दुकानात डोकावला. कित्येक ठिकाणी नाकात गरम मेण घालून ते ओढून काढतात, आणि तुर्की पद्धतीत पेटत्या बोळ्याने कानांवरची लव जाळतात. यांपैकी काहीही सहसा मोठ्या धोक्याचे नाही. नको असेल तर पंजा दाखवावा, हवे असेल तर दात आवळून बसावे.

मान मोडणे मात्र धोक्याचे आहे, आणि ते आपल्याकडेही सर्रास चालते. एका हाताने हनुवटी आणि दुसऱ्या हाताने डोके धरून झटका दिला की कडकड असा आवाज येतो, बरेही वाटते. पण मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या ज्या रोहिण्या मानेच्या मणक्यांमधून वर जातात, त्यांचे आतील अस्तर अशा झटक्याने फाटू शकते, तेथे रक्ताची गुठळी होते आणि तरण्याताठ्या माणसालाही पक्षाघात होऊ शकतो. कारागिराचे दोन्ही हात जबड्याकडे येताना दिसले की त्याच क्षणी "ला" म्हणावे. मान मोडून घेतल्यानंतर चक्कर, एका बाजूला मुंग्या, दृष्टीत दुहेरी आकृत्या किंवा जीभ जड होणे यांपैकी काही झाले, तर लाज न बाळगता त्याच मिनिटाला वैद्यकीय पथकाकडे जावे.

वीज हा आणखी एक विषय आहे. लेबनॉन असो की काँगो, वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो आणि मशीन अर्ध्या डोक्यावर थांबते. भारनियमनात वाढलेल्या आपल्या माणसाला यात नवल वाटू नये, पण अर्धे डोके घेऊन परतण्याची वेळ ठरलेली असेल तर पंचाईत होते. म्हणून आत शिरतानाच जनरेटर आहे का हे पाहावे, आणि परतण्याच्या गाडीच्या वेळेच्या निदान एक तास आधी बसावे.

गप्पा, कॉफी आणि पडद्यामागची खोली

सलून हे गावाचे वर्तमानपत्र असते, ते जसे रहिमतपुरात तसेच दक्षिण लेबनॉनमधल्या खियाम गावात. कारागीर चौकशी करणारच, आणि बहुतेक वेळा ती निव्वळ आपुलकीची असते. घर कोठे, मुले किती, गावात काय पिकते, यांची उत्तरे खुशाल द्यावीत. ऊस आणि हळद या विषयांवर मी एकदा हातवारे करून अर्धा तास काढला आहे. चौकीत किती माणसे आहेत, गस्त कोणत्या रस्त्याने जाते, बदली केव्हा, यांना मात्र हसून "ठाऊक नाही" हेच उत्तर. दक्षिण लेबनॉनच्या त्या पट्ट्यात शिया, सुन्नी, द्रुझ आणि ख्रिस्ती अशी गावे एकमेकांना लागून आहेत, आणि दुकानाच्या भिंतीवर कोणाची ना कोणाची तसबीर असते. तसबिरीतला माणूस कोण हे विचारूही नये. आरशासमोर मोबाइल ठेवून कारागीर आपल्या कौशल्याचे चित्रण करत असेल तर ते नम्रपणे बंद करायला सांगावे, कारण ते रात्रीपर्यंत कोठे पोहोचेल याचा हिशेब राहत नाही. कॉफी आली तर ती घ्यावी, लहानसा पेला असतो आणि नाकारल्यास मन दुखावते.

कोठल्याही देशातील मोठ्या शहरात, विशेषतः सुटीवर बाहेर पडल्यावर, पाटी सलूनची आणि धंदा दुसराच असाही प्रकार आढळतो. ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत: दिवसा ओढलेले पडदे, आरशासमोर कात्री-कंगव्याऐवजी नुसत्या बाटल्या, कापण्याचा दर विचारला तर मालिशचा दर सांगणे, आणि मागच्या खोलीत चलण्याचा आग्रह. अशा वेळी अर्धे डोके राहिले असले तरी उठावे, कापलेल्याचे पैसे ठेवावेत आणि बाहेर पडावे. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी 2003 मध्ये काढलेल्या नियमपत्रानुसार पैसे, वस्तू किंवा नोकरी देऊन लैंगिक संबंध ठेवण्यास शांतिसेनेतील माणसाला सक्त मनाई आहे, आणि 18 वर्षांखालील व्यक्तीच्या बाबतीत तर स्थानिक कायदा काय म्हणतो किंवा वयाचा अंदाज चुकला, ही सबबही चालत नाही. तळावर परतल्याबरोबर ती जागा वरिष्ठांना सांगावी. न सांगितल्यास उद्या आपल्यामागून दुसरा कोणी बिचारा खरोखर केस कापायला तेथे जाईल, आणि त्याला कोणी पाहिले तर त्याचे म्हणणे कोणी ऐकणार नाही.

पैसे

दर आधी ठरवावा आणि कोणत्या चलनात तेही ठरवावे. माझ्या बडीला दर "दहा हजार" असा सांगण्यात आला तेव्हा तो भेदरून मला मराठीत म्हणाला, "दादा, एवढ्यात आमची एकरभर बागंची छाटणी हुती!" ते दहा हजार लेबनीज लिरा होते, आणि तेव्हा एका डॉलरला सुमारे दीड हजार लिरा हा दर कित्येक वर्षे बांधलेला होता, म्हणजे रक्कम साडेसहा डॉलरच्या आसपास होती. 2019 नंतर तेथील चलन कोसळले आणि 2023 मध्ये डॉलर नव्वद हजार लिरांच्या घरात गेला; त्यामुळे शून्ये मोजत बसण्यापेक्षा डॉलरमध्येच विचारावे आणि एक-एक डॉलरच्या नोटा जवळ बाळगाव्यात.

पैसे काढल्यावर कारागीर छातीवर हात ठेवून "राहू द्या, आमच्याकडून" अशा अर्थाचे काहीतरी म्हणतो. ही रीत आहे, सूट नव्हे. आपल्याकडेही सुटीवर आलेल्या फौजीला सलूनवाला "ऱ्हाऊ द्या मेजर" म्हणतोच, आणि आपण नोट आरशाखाली सरकवतोच. मी पहिल्या वेळी ते खरे मानून मनापासून आभार मानले आणि निघालो. त्याचा चेहरा पाहून बडीने मागे वळून पैसे ठेवले. शांतिसैनिकाने फुकट काही घेणे तसेही योग्य नाही, कारण शेजारच्या गावात त्याचा अर्थ वेगळा लागतो.

काम संपल्यावर तो "नईमन" म्हणेल. ताजेतवाने झालेल्या माणसाला, आंघोळीनंतर किंवा केस कापल्यानंतर, दिलेली ती शुभेच्छा आहे, आणि तिचे रीतसर उत्तर "अल्ला यिन्अम अलैक" असे असते. जमले नाही तर "शुक्रन" पुरते. मला तो इंग्रजीत नाव विचारतो आहे असे वाटले आणि मी हुद्द्यासकट पूर्ण नाव सांगितले. त्यानंतर वर्षभर तो मला त्याच नावाने, हुद्द्यासकट, रस्त्यावरून हाक मारत असे.

बिघडलेच तर

90 दिवसांची सेवा झाल्यावर संयुक्त राष्ट्रांचे पदक मिळते आणि त्याची परेड होते. बाहेरच्या सलूनमध्ये नवा प्रयोग परेडच्या आदल्या दिवशी करू नये. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटरच वाढतात, त्यामुळे दहा-बारा दिवस आधी कापून घेतले तर बारीकसारीक चूक तोवर झाकली जाते. पट्टा मधोमध गेलाच असेल तर उरलेले डोके त्याच खुर्चीत सारखे करून घ्यावे, आणि तळावर परतल्यावर कोणी विचारण्याआधी आपणच हवालदार मेजरला जाऊन सांगावे. कातडी कापली असेल, मग ती केसाएवढी का असेना, तर साबण-पाण्याने धुऊन वैद्यकीय पथकाकडे तिची नोंद करून घ्यावी. आठ-पंधरा दिवसांनी गालावर किंवा मानेवर गोल, खाजरी चकंदळे उठली तर तो बहुधा नायटा असतो. त्यावर स्वतःच्या मनाने बाजारातले मलम चोळू नये.

घरी मात्र आधी साधा फोन करावा, काय झाले ते आवाजातूनच सांगावे, वडीलधाऱ्यांची खुशाली त्यांच्याच तोंडून सर्वांना ऐकू द्यावी आणि मगच चेहरा दाखवावा. माझी मिशी मूळच्या रूपात यायला दोन महिने लागले, आणि ते दोन महिने आई "तुझा तो क्यामेरा बंद कर आधी" असे बजावूनच माझ्याशी बोलत असे.